पोटखराब्यातलं जगणं



कोकणातल्या गावाचा सातबारा उतारा हातात घेतला, की त्यावर एक शब्द बऱ्याचदा भेटतो. पोटखराबा. जिथे नांगर चालत नाही, पीक येत नाही, ती जमीन पोटखराब्यात जाते. राजापूर, देवगड, रत्नागिरी या तालुक्यांत हा पोटखराबा म्हणजे पुष्कळदा सडा असतो. गावाच्या डोक्यावर पसरलेलं जांभ्या दगडाचं सपाट, काळपट पठार. मे महिन्यात तिथे अनवाणी पाय टेकवत नाही. नजर जाईल तिथवर कातळ, वाळलेलं गवत आणि वर तापलेलं आभाळ.

लहानपणी गुरांच्या मागे मी आजीबरोबर सड्यावर जात असे. एकदा अशाच उन्हात मी तिला विचारलं, "आजी, हा सडा मेला काय गो?" ती चालता चालता म्हणाली, "सडो निजलो हा रे, मरूक नाय." तेव्हा ते लहान पोराला दिलेलं उत्तर वाटलं होतं. पुढे वनस्पतींचा अभ्यास करू लागलो आणि आजीचं वाक्य अक्षरशः खरं असल्याचं कळत गेलं. आज त्या निजलेल्या सड्याबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

आधी हा दगड समजून घेऊ. जांभा मुळात काळ्या बेसॉल्टपासून तयार झाला. लाखो वर्षांच्या ऊनपावसात त्या खडकातलं धुऊन जाण्यासारखं होतं ते सगळं धुऊन गेलं. मागे उरली मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडं. लोखंड गंजावं तसा तांबडा रंग जांभ्याला आला तो त्यातूनच. त्यामुळे सड्यावर झाडांच्या पोटाला फार थोडं मिळतं. त्यातून पावसाची तऱ्हा अशी, की वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस जवळजवळ सगळा 4 महिन्यांत कोसळतो आणि उरलेले 8 महिने कोरडे जातात. म्हणजे इथे उगवणाऱ्या रोपाला जुलैत बुडून मरण्याची भीती आणि एप्रिलमध्ये करपून मरण्याची. जागा तीच, रोपही तेच.

माझ्या ओळखीची सड्यावर एक खळगी आहे. परातीएवढी रुंद, तळाला जेमतेम बोटभर माती. वर्षानुवर्षं मी त्या एका खळगीपाशी जाऊन बसतो. तिच्यात काय काय घडतं ते सांगितलं, की सड्याची गोष्ट सांगून होईल.

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या, की खळगीत पाणी साचतं. थोड्याच दिवसांत त्या पाण्यात काचेसारखे पारदर्शक जीव दिसू लागतात. नखाएवढे, कोळंबीच्या दूरच्या नात्यातले, आणि चक्क उताणे पोहणारे. पोटाकडचे पानांसारखे पाय एका लयीत हलवत ते पाण्यातलं शेवाळ खात फिरत असतात. फेअरी श्रिंप म्हणतात त्यांना. या खळगीला ना ओढा मिळतो ना विहीर. मग हे आले कुठून? ते तिथेच होते. तळाच्या सुक्या मातीत, अंड्यांच्या रूपात. गेल्या पावसाळ्यात आईबापांनी अंडी घातली, पाणी आटलं, आईबाप मेले आणि टणक कवचातली अंडी संपूर्ण उन्हाळा त्या भाजणाऱ्या धुळीत पडून राहिली. 

यातली खरी शहाणपणाची गोष्ट पुढेच आहे. पहिल्या पावसात सगळी अंडी फुटत नाहीत. काही फुटतात, काही तशीच राहतात. जूनच्या सुरुवातीला पाऊस पडावा आणि मग पंधरा दिवस दडी मारावी, असं कोकणात किती वेळा होतं! खळगी आटली तर बाहेर आलेले जीव मरतात. पण मागे राखलेली अंडी दुसऱ्या पावसाची, नाहीतर पुढच्या वर्षाची वाट पाहत असतात. दुबार पेरणीची वेळ आली तर असावं म्हणून शेतकरी थोडं बियाणं कणगीत राखतो. या नखाएवढ्या जिवाच्या वंशात तोच हिशेब भरलेला आहे.

त्याच दिवसांत मोठे बेडूक जमिनीतून वर येतात. उन्हाळाभर ते ओलसर मातीत निपचित पडलेले असतात. आता नर हळदीसारखे पिवळे होतात आणि रात्रभर ओरडून माद्यांना बोलावतात. डबकं आटायच्या आत पिल्लांना पाय फुटून शेपटी जिरली पाहिजे, म्हणून सगळी घाई. आंबोलीच्या पठारावर एक छोटा भेक राहतो. शास्त्रज्ञांनी त्याची वेगळी जात म्हणून नोंद केली ती 2009 साली. कातळावरच्या अशाच उथळ पाण्यात तो अंडी घालतो. जगात अगदी मोजक्या भागात असणारा हा जीव आपली पुढची पिढी दोन बोटं पाण्याच्या भरवशावर सोडतो.

सड्याच्या भेगांतून त्याच सुमारास पांढऱ्या फुलांचे दांडे वर येतात. ही दीपकाडी. दक्षिण कोकण आणि त्याला लागून असलेला गोव्याचा भाग सोडला, तर ती कुठे आढळत नाही. तिचा कांदा भेगेतल्या मातीत वर्षभर दडलेला असतो. पावसात पानं हिरवी असतात तेवढ्यात तो अन्न साठवून घेतो आणि पाऊस सरला, की वरचा सगळा पसारा सोडून देतो. आपण मिरगाच्या आधी घरात लाकूडफाटा, सुकी मासळी भरून ठेवतो. दीपकाडीची बेगमी उलट्या ऋतूची, उन्हाळ्यासाठी.

जुलै सरता सरता माझ्या खळगीत निळ्याजांभळ्या फुलांची दाटी होते. फूल मुगाच्या दाण्याहून थोडं मोठं, दांडी सुईसारखी बारीक. लोकांनी त्याला नाव दिलं आहे, सीतेची आसवं. हे रोप मी एकदा मातीसकट अलगद उचललं, बशीतल्या पाण्यात धुतलं आणि भिंगाखाली धरलं. मातीतल्या धाग्यांना बारीक पिशव्या लागलेल्या होत्या, खसखशीच्या दाण्याएवढ्या. प्रत्येक पिशवीला एक झडप, झडपेपाशी केस. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकत राहते, त्यामुळे तिच्या भिंती आत ओढल्या जातात. एखादा सूक्ष्म जीव केसाला लागला, की झडप आत उघडते आणि पाण्याबरोबर तो जीव आत खेचला जातो. सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात हे सगळं उरकतं. डोळ्याची पापणी लवायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

शेजारीच दवबिंदू असतो. त्याच्या पानांवर तांबूस केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. सकाळी कोवळ्या उन्हात हे रोप दागिन्यासारखं चमकतं. थेंब पाहून आलेलं चिलट चिकटतं, आजूबाजूचे केस हळूहळू त्याच्यावर वाकतात आणि पान त्याला पचवून टाकतं. दोघांच्याही शिकारीचं कारण एकच. या दगडात नायट्रोजन नसल्यासारखाच आहे. मुळांना जे मिळत नाही ते या वनस्पती किड्यांकडून घेतात.

सप्टेंबरात सडा पाहायला माणसं येतात. साताऱ्याच्या कास पठाराचं नाव तर आता सगळ्यांना माहीत आहे. 2012 साली पश्चिम घाटातल्या ज्या 39 ठिकाणांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत कासही आहे. तिथला गुलाबी तेरडा पाहून लोक हरखतात. आपल्याकडे म्हण आहे, तेरड्याचा रंग तीन दिवस. टिकाऊ नाही त्याला आपण ही म्हण लावतो. पण तेरड्याच्या बाजूने विचार करून पाहा. माती सुकायच्या आत उगवायचं, वाढायचं, फुलायचं आणि बी धरायचं आहे. मधमाशी येऊन गेली, की रंगाचं काम संपलं. मग शेंग फुगते, ताणली जाते आणि जरा धक्का लागताच फटकन फुटून बी चहूकडे उडवते. ते बी एखाद्या भेगेत पडतं आणि पुढचे 8 महिने तिथे दम धरून राहतं. रंग तीन दिवसांचा असेल, धीर मात्र वर्षाचा आहे.

खळगीच्या कडेला बारीक गवताचा एक झुबका आहे. मला त्याचं सगळ्यांत जास्त नवल वाटतं. त्याच्याकडे कांदा नाही आणि मरून बियांवर भिस्त टाकायची त्याची रीतही नाही. ते स्वतःच सुकतं. पानं गुंडाळली जातात, रंग उडतो, हातात चुरलं तर भुगा होईल असं वाटतं. अंगातलं बहुतेक सगळं पाणी गेलेलं असतं. आणि एक चांगली सर पडली, की एकदोन दिवसांत तीच जुनी पानं हिरवी होतात. नवी फुटत नाहीत, तीच परत जगू लागतात. सुकताना या वनस्पती पेशींमध्ये साखर आणि विशिष्ट प्रथिनं साठवतात, आणि पाणी गेलं तरी पेशींची आतली मांडणी त्यामुळे मोडत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पश्चिम घाटात अशा 62 जातींची नोंद केली आहे. अवर्षणात तग धरणारं पीक घडवायचं असेल, तर त्याचे धडे या गवतांकडे आहेत.

कोरड्या दिवसांतही सड्यावर हालचाल असते, फक्त ती दिसत नाही. सुट्या दगडांखाली एक छोटी पाल दिवस काढते. अंगावर पांढुरके आडवे पट्टे. रत्नागिरीकडच्या सड्यांवरून शास्त्राला तिची ओळख झाली 1963 साली, आणि तिचा मुलूख या भागापलीकडे फारसा पसरलेला नाही. दगडाखाली बोटभर सावली आणि थोडा ओलावा, एवढंच तिचं घर. टिटवी तर उघड्यावर खड्यांमध्येच अंडी घालते. अंडी इतकी दगडासारखी, की पाय पडेपर्यंत कळत नाही. ऊन चढलं, की ती पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. आभाळ कोसळू नये म्हणून टिटवी पाय वर करून निजते, असं आपल्या गोष्टींत सांगतात. आभाळाचं मला माहीत नाही, पण आपल्या चार अंड्यांवरचं ऊन ती खरोखरच अंगावर घेते.

श्रोतेहो, निसर्ग म्हटलं की बळी तो कान पिळी, असं आपण सहज म्हणतो. सड्यावर बसलं की वेगळंच दिसतं. इथे टिकलेला कोणीही बलवान नाही. कोणी लवकर आटोपतो, कोणी जमिनीत जातो, कोणी सुकून राहतो. पण हाती आलेलं सगळं एका पावसात उधळून टाकत कोणीच नाही. जेवढं मिळालं तेवढ्यात भागवणं, थोडं मागे राखणं आणि वेळ ओळखणं, यावर हा सगळा संसार चालतो.

आणि हा संसार आपल्याही उपयोगी पडतो. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून झिरपतो आणि पायथ्याच्या विहिरींना, व्हाळांना पाणी पुरवतो. सडा फोडला, की खालच्या वाडीच्या विहिरीला त्याची झळ लागू शकते. जांभ्याच्या चिरेखाणी हव्यात, घरं चिऱ्यांचीच बांधायची आहेत. आंब्याच्या बागा हव्यात, रस्ते हवेत, हे मीही मानतो. माझं स्वतःचं घर चिऱ्याचं आहे. मागणं एवढंच आहे, की सड्याचा हिशेब करताना तो शून्य धरू नका. गावाने आपल्या सड्याचा एखादा तुकडा, जिथे पाणी साचतं आणि फुलं येतात असा, न फोडता राखावा. उन्हाळ्यात गवताला वणवा लावू नये. पावसाळ्यात फुलं पाहायला जाल तेव्हा गाडी रस्त्यावरच ठेवा, आणि मुलांनी दगड उलटून पाहिला तर तो पुन्हा होता तसा ठेवायला शिकवा. त्याखाली कोणाचं तरी छप्पर असतं.

या मे महिन्यात जमलं तर सकाळी लवकर सड्यावर जा. एखादी कोरडी खळगी शोधा आणि तिच्यातली चिमूटभर धूळ तळहातावर घ्या. दिसायला ती फक्त धूळ असेल. पण तिच्यात उताणे पोहणाऱ्या त्या जिवांची अंडी असतील, सीतेच्या आसवांचं बी असेल, तेरड्याचं असेल. येणारा अख्खा पावसाळा तुमच्या हातात असेल. थोडा वेळ पाहा, आणि ती चिमूट होती तिथेच ठेवून या.