वडिलांची जावा

आदिलाबादच्या आमच्या पडवीत वडिलांची जावा कित्येक वर्षे गंजत उभी होती. मूळची चेक घराण्यातली ही मोटारसायकल 1961 पासून म्हैसूरला तयार होऊ लागली. तो कारखाना 1996 साली बंद पडला. साहजिकच सुटे भाग शोधण्यातच निम्मा हिवाळा सरला. कार्ब्युरेटर धुतला, पिस्टनच्या रिंगा बदलल्या. हिची गंमत अशी, की किक मारण्याचा दांडा तोच गिअरचाही!

धाकट्या चिरंजीवांना उंच हँडल नि काळा रंग हवा होता. हँडल मी मान्य केले. टाकीच्या रबरी गाद्या मात्र, वडिलांच्या गुडघ्यांनी झिजलेल्या, काढू दिल्या नाहीत. रंगही तांबडाच ठेवला. परवा पेट्रोलमध्ये तेल मिसळून किक मारली. निळसर धूर निघाला, आणि आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून लगबगीने बाहेर आली.