दुकान लहान, गोदाम मोठे



मेहकर तालुक्यातल्या एका शाळेत मी गणित शिकवत असे. शाळेला एक जुना संगणक देणगीत मिळाला आणि वार्षिक निकाल त्यावरच करायचे ठरले. पण एखाद्या मुलाचे गुण चुकले, तर त्याच्या आईवडिलांना काय सांगणार? म्हणून मुलांच्या आधी मी यंत्राचीच परीक्षा घेतली. विषय होता मॅट्रिक्सचा गुणाकार.

संगणक म्हणजे खामगावच्या बाजारातले दुकान समजा. हाताशी फळीवर थोडा माल, बाकीचा मागे गोदामात. फळी म्हणजे मेमरी, गोदाम म्हणजे हार्ड डिस्क. गिऱ्हाइकाला मात्र वाटते, सारा माल दुकानातच आहे. हीच व्हर्च्युअल मेमरी. १९६२ साली मँचेस्टरच्या ॲटलस संगणकाने ही युक्ती वापरली. मालाची ने-आण गठ्ठ्यांनी होते. एका गठ्ठ्याला 'पान' म्हणतात. ते बहुधा ४,०९६ बाइटचे असते.

आमच्या यंत्राची मेमरी ५१२ मेगाबाइट. मी १०,००० ओळी आणि १०,००० स्तंभांची दोन मॅट्रिक्स घेतली. एका संख्येला ८ बाइट, म्हणजे एका मॅट्रिक्सलाच ८० कोटी बाइट. उत्तराची एक ओळ काढायला दुसरे मॅट्रिक्स अख्खे वाचावे लागते, आणि ते फळीवर मावत नाही. बराच वेळ न वापरलेले पान यंत्र गोदामात पाठवते, आणि पुढच्या ओळीला नेमके तेच आधी लागते! संध्याकाळी लावलेले काम सकाळी पाहिले, तर डिस्कचा दिवा लुकलुकत होता, गुणाकार रखडला होता. या फुकटच्या धावपळीला 'थ्रॅशिंग' म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली तिची कारणमीमांसा मांडली.

मग मी मॅट्रिक्सचे १,००० बाय १,००० असे चौकोनी तुकडे केले. एक तुकडा ८० लाख बाइटचा. तीन तुकडे फळीवर सहज मावतात. आणलेल्या तुकड्याचे होईल तेवढे काम उरकायचे, मगच तो परत ठेवायचा. गुणाकार तेवढेच, एक लाख कोटी. पण गोदामाच्या खेपा कितीतरी कमी झाल्या आणि काम पार पडले.

पण उत्तर बरोबर आहे का? आधी सगळीकडे १ भरला होता. प्रत्येक उत्तर १०,००० आले. मी खूश झालो आणि लगेच चपापलो. सगळी पाने सारखीच असतील, तर अदलाबदल कळणार कशी? मग प्रत्येक घरात वेगळी संख्या भरली आणि तिला एकक मॅट्रिक्सने गुणले. त्यात कर्णावर १ आणि बाकी शून्य असते, म्हणून मूळ मॅट्रिक्स जसेच्या तसे परत यायला हवे. ते आले. एकही संख्या हलली नव्हती.

निकाल आम्ही त्याच यंत्रावर केला. हाताने लिहिलेली गुणांची वही मात्र कपाटात जपून ठेवली. परीक्षेत पास झालेल्यावरही थोडी नजर ठेवावी, हे मास्तरांना वेगळे सांगावे लागत नाही.