डांगीची वंशावळ कोण लिहिणार?

(गोसेवेच्या कार्यातील कार्यकर्त्यांसमोर अहिल्यानगर येथे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



पांढऱ्याशुभ्र, भरदार वशिंडाच्या एका गायीचे छायाचित्र आपल्यापैकी बहुतेकांच्या भ्रमणध्वनीवर येऊन गेले असेल. खाली मजकूर असतो की, आपली ओंगोल गाय ब्राझीलमध्ये चाळीस कोटी रुपयांना विकली गेली. आपण तो अभिमानाने पुढे पाठवतो. पत्रकाराच्या सवयीने मी त्या चाळीस कोटींचा माग काढला. जे हाती लागले, ते आज आपल्यासमोर ठेवतो.

गायीचे नाव व्हियाटिना-19. वजन सुमारे 1100 किलो. 2023 मध्ये साओ पावलो राज्यातील लिलावात तिच्या मालकीचा एक तृतीयांश हिस्सा सुमारे 70 लाख रियालना, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास 12 कोटी रुपयांना गेला. त्याची तिप्पट करून पूर्ण गायीची किंमत 2 कोटी 10 लाख रियाल धरली गेली आणि गिनीज बुकात विक्रम नोंदला गेला. रुपयांत ती सुमारे 35 कोटी होते; पुढचे पाच कोटी आपल्या उत्साहाने घातले असावेत! एवढी पूर्ण रक्कम त्या दिवशी कोणी मोजलेली नव्हती. पैदाशीच्या उंची जनावरांचा व्यवहार तेथे असाच, कंपनीच्या भागांसारखा हिश्श्यांनी होतो.

दुसरी गोष्ट अधिक कडू आहे, पण आपल्याच बैठकीत ती बोलली गेली पाहिजे. ब्राझीलमध्ये ही जात 'नेलोर' म्हणून ओळखली जाते आणि ती पाळली जाते मुख्यतः मांसासाठी. जे छायाचित्र आपण गोमातेचा गौरव म्हणून पाठवतो, त्यातील किमतीमागे जगातील एक प्रचंड मांसव्यापार उभा आहे. अभिमान बाळगण्यापूर्वी एवढे तरी आपल्याला ठाऊक असावे.

मग शिकण्यासारखे काही नाहीच का? आहे. घेणाऱ्याने गाय घेतली नाही, त्याने तिची कूस घेतली. तिच्या बीजांडांपासून प्रयोगशाळेत भ्रूण तयार होतात, ते साध्या गायींच्या गर्भाशयात रुजवले जातात आणि एकेका भ्रूणाला भाव येतो. त्या भावाला आधार असतो कागदाचा. आई कोण, बाप कोण, आजा-पणजा कोण, त्यांच्या संततीची वाढ कशी झाली, याची लेखी साखळी त्या गायीमागे असते. उबेराबा येथील झेबू पैदासकारांच्या संघटनेकडे 1938 पासून या नोंदी आहेत. गीरच्या दुधासाठी 1985 पासून तेथे संततीपरीक्षण चालू आहे. म्हणजे वळूची योग्यता त्याच्या रूपावरून ठरत नाही, त्याच्या लेकी किती दूध देतात यावरून ठरते. हे कळायला काही वर्षे थांबावे लागते. ती वर्षे त्यांनी दिली.

'आपल्या गायी त्यांनी पळवल्या' असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. त्यांनी त्या पळवल्या नाहीत. 1960 च्या सुमारास भावनगरच्या राजघराण्याच्या कळपातील 'कृष्णा' नावाचा गीर वळू ब्राझीलला गेला. 1962 मध्ये आंध्रातून 'करवदी' नावाचा ओंगोल वळू गेला. दोघेही राजरोस व्यवहाराने गेले. आज तेथील गीर आणि नेलोर कळपांच्या वंशावळी या दोन नावांपर्यंत जाऊन पोहोचतात. जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार 1993 मध्ये अमलात आला, आपला कायदा 2002 मध्ये झाला. त्याआधी गेलेल्या जनावरांवर हक्क सांगायला आता जागा नाही.

आपल्या मराठी मुलखातलेच एक उदाहरण सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांगलीच्या पटवर्धनांसारख्या दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानिकांनी कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीसाठी 'कृष्णा व्हॅली' ही बलदंड जात घडवली. अमेरिकेतील ब्राह्मन जातीच्या पूर्वजांत तिची गणना होते. त्या ब्राह्मनची नोंदणी संस्था 1924 पासून उभी आहे. कृष्णाकाठी मात्र मूळ जातीची जनावरे शोधत फिरावे लागते.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. संगमनेर, राहाता, राहुरी या पट्ट्यातील हजारो घरे संकरित गायीच्या दुधावर उभी राहिली. मुलांची शिक्षणे, मुलींची लग्ने त्या दुधाने केली. तिला बोल लावणाऱ्यांपैकी मी नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले त्रिवेणी' घडवली, तिच्यात होल्स्टीन आणि जर्सीबरोबर चौथा हिस्सा गीरचा आहे. ब्राझीलनेही होल्स्टीन आणि गीर यांच्या संकरातून 'गिरोलांदो' घडवली. दोघांच्या वाटा फारशा वेगळ्या नव्हत्या. फरक एवढाच की, संकर करताना त्यांनी शुद्ध गीरचा कळप बाजूला राखला आणि त्याची वही लिहिली. आपल्या गावोगावच्या गोठ्यांत मात्र मूळ गाय संकरात विरून गेली. 2019 च्या पशुगणनेत 2012 च्या तुलनेत देशातील देशी गोवंश सुमारे 6 टक्क्यांनी घटला आणि संकरित व विदेशी सुमारे 27 टक्क्यांनी वाढला. पुढे तर ब्राझीलमधून गीर वळूंचे गोठवलेले वीर्य मागवण्याची वेळ आपल्यावर आली. भावनगरचा माल भावनगरच्याच देशाला पुन्हा विकत घ्यावा लागला.

गीरचे झाले ते झाले. माझी खरी चिंता आहे डांगीची. अकोले तालुक्यात, भंडारदरा-रतनगडाच्या पावसात जेथे दुसरे जनावर टिकत नाही, तेथे डांगी चरते. तिच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो आणि अंगावर पाणी ठरत नाही. काळे, कठीण खूर भातखाचरात आणि कातळावर सारखेच चालतात. ती दुधाची गाय नव्हे. तिचे मोल बैलाच्या कामात होते. नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला आणि ते मोल ओसरले. महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांनी ती आजवर सांभाळली, तीही कोणत्याही अनुदानाची वाट न पाहता. 2024 मध्ये राज्य शासनाने देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' म्हटले आणि गोशाळांतील देशी गायींसाठी दररोज 50 रुपयांचे अनुदान ठरवले. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु जो गोपाळ गोशाळेत नव्हे, आपल्या पडवीत डांगी राखतो, त्याच्या हाती त्यातले काय पडते?

राजूरला वर्षानुवर्षे डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. अवश्य पाहावे. वळूचा बांधा, रंग, चाल, दात, सारे बारकाईने पाहिले जाते. घोडेगाव, लोणी, काष्टीच्या बाजारांतही पारख अशीच, डोळ्यांनी होते. जुने व्यापारी रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवत. ती नजर थोर आहे, तिची मी थट्टा करीत नाही. पण ती नजर त्या माणसाबरोबर जाते, कागदावर उतरत नाही. पहिला आलेल्या वळूची आई कोणती, तिने किती वेते दिली, या वळूची खोंडे कोणत्या पाड्यावर आहेत, हे मालकाला तोंडपाठ असते, लेखी मात्र सहसा काही नसते. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेच्या यादीत डांगी ही जात नोंदलेली आहे. जातीची नोंद झाली, जनावराची नाही. आणि खरेदीदार पैसे मोजतो ते जनावराच्या नोंदीसाठी.

यासाठी परदेशी तंत्र लागत नाही. जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला सरकारच मारते. एक वही घ्यायची. क्रमांक, आईचा क्रमांक, बापाचा क्रमांक, जन्मतारीख, वेताच्या तारखा, मालकाचे नाव आणि पाडा. महिन्यातून एकदा फेरी. अकोल्यात आपल्या शाखा आहेत, वनवासी क्षेत्रात काम करणारे कार्यकर्ते आहेत, सुटीत गावी जाणारे विद्यार्थी आहेत. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बरोबर घ्यावे. पहिली दोन-तीन वर्षे या वहीचा कोणालाही उपयोग दिसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. चौथ्या वर्षी एखादा गोपाळ वळू विकायला काढील आणि गिऱ्हाईक विचारील, याच्या आईचा कागद आहे का?

राजूरचे पुढचे प्रदर्शन भरण्यापूर्वी निदान शंभर जनावरांची पाने भरलेली असावीत, असे मला वाटते. ज्यांना येत्या महिन्यापासून फेरीला यायचे आहे, त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. वही मी आणली आहे.