एकाच कातळातली अनेक दारे

वेरूळच्या एकाच डोंगरात ३४ लेणी आहेत: १२ बौद्ध, १७ हिंदू, ५ जैन. प्रत्येकाचे आवार वेगळे, कातळ मात्र एकच. संगणकातले कंटेनरही असेच. एका यंत्रावर अनेक नांदतात, प्रत्येकात वेगळा प्रोग्रॅम, पण खाली लिनक्सचा गाभा सामाईक. अनेक यंत्रांच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, हे कंटेनर चालवणारी आणि बंद पडला तर पुन्हा उभा करणारी व्यवस्था म्हणजे कुबरनेटीस. गूगलने ती २०१४ मध्ये सर्वांसाठी खुली केली. कंटेनर ज्या छोट्या खोलीत राहतो, तिला तिथे पॉड म्हणतात.

या क्लस्टरचा मूळ स्वभाव मोकळाढाकळा आहे. कुठलाही पॉड कुठल्याही पॉडशी बोलू शकतो. समजा, पर्यटकांच्या आरक्षणाचे एक अॅप आहे. त्याचे पान दाखवणाऱ्या पॉडमध्ये चोर शिरला, तर डेटाबेसच्या उंबऱ्यापर्यंत त्याला कोणी हटकत नाही.

वेरूळहून संभाजीनगरकडे निघाले की वाटेत देवगिरी किल्ला लागतो. अंबरकोट, महाकोट, काळाकोट या तटबंद्या, मग खंदक, मग अंधारी नावाची काळोखी वाट. बाहेरचा दरवाजा कधीतरी पडेल, हे धरूनच आतली प्रत्येक वाट अडवलेली. क्लस्टरमध्ये मुळात नेमके हेच नसते.

चोर आत शिरणे ही नुसती कल्पना नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. चोरांनी एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेचा, म्हणजे स्विचचा, बनावट जोड उभा केला, व्यवहार तोच मंजूर करत राहिला आणि २८ देशांतून पैसे निघाले. तिथे प्रश्न कंटेनरचा नव्हता. पण चोर आत आल्यावर काय होऊ शकते, हे त्या दोन-तीन दिवसांत महाराष्ट्राने पाहिले.

कुबरनेटीसमध्ये आतला पहारा बसतो तो नेटवर्क पॉलिसीने, म्हणजे कोणत्या पॉडने कोणाशी बोलायचे याच्या नियमांनी. पहिली पॉलिसी जेमतेम दहा ओळींची. 'पॉडसिलेक्टर'पुढे नुसते रिकामे महिरपी कंस. अर्थ, या नेमस्पेसमधले, म्हणजे क्लस्टरच्या या कप्प्यातले, सगळे पॉड. खाली 'इनग्रेस' आणि 'इग्रेस' लिहिले की येणे-जाणे दोन्ही बंद. मग एकेक वाट उघडायची. पान दाखवणाऱ्या नव्हे, तर आरक्षण नोंदवणाऱ्या आणि तसे लेबल असलेल्या पॉडला डेटाबेसच्या ५४३२ पोर्टकडे जायची मुभा, आणि डेटाबेसला फक्त त्याच पॉडला आत घ्यायची. भिस्त लेबलवर ठेवायची, कारण पॉड नव्याने उभा राहिला की त्याचा आयपी पत्ता बदलतो.

इथे बहुतेकांची पहिली ठेच ठरलेली. बाहेर जाण्याची वाट बंद होताच अॅप आंधळे होते, कारण नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसकडे जाणारे ५३ क्रमांकाचे पोर्टही बंद झालेले असते. ते यूडीपी आणि टीसीपी दोन्हींसाठी उघडावे लागते.

दुसरा धोका दिसत नाही. पॉलिसी कुबरनेटीस नोंदवून घेते, पण अंमल करते ते नेटवर्कचे प्लगइन. कॅलिको, सिलियम ही प्लगइन ते काम करतात. नुसते फ्लॅनेल हे प्लगइन असेल तर पॉलिसी यादीत दिसते आणि वाहतूक बिनदिक्कत चालू राहते. म्हणून पान दाखवणाऱ्या पॉडमध्ये स्वतः शिरून डेटाबेसला हाक मारून पाहायची. पहारा खरा असेल, तर बहुधा नकारसुद्धा येत नाही. पडद्यावर कर्सर लुकलुकत राहतो आणि काही वेळाने 'टाइमआउट' उमटते.