हस्ताचा पाऊस आणि खाडीकाठचे भात

पेरणीच्या पावसाची चौकशी आपण वैशाखापासून करू लागतो. मृग कधी, वाहन कोणते, कावळ्याने घरटे कुठे बांधले, सगळे पाहून होते. कापणीच्या पावसाची चौकशी मात्र कोणी करीत नाही. तो आला की आपण कपाळावर हात मारतो, एवढेच. आणि तयार झालेले, राखलेले, लोंब्या भरलेले पीक हातचे जाते ते याच पावसाने. म्हणून आज मी बोलणार आहे तो परतीच्या पावसाविषयी, आणि तोही आपल्या भागापुरता. कोपर, आयरे, भोपर, दिवा, म्हातार्डी, खाडीपलीकडे माणकोली, आणि वर टिटवाळा-खडवलीपर्यंत.

आता कुणी म्हणेल, कोपरात शेती उरली आहे कुठे? खरे आहे. रेल्वेच्या दोन्ही अंगांना इमारती उभ्या राहिल्या. ज्या खाचरांत आवण लावले जायचे तिथे आज मोटारी उभ्या असतात. पण खाडीच्या बाजूला, भोपर-दिव्याकडे आणि पलीकडे भिवंडी तालुक्यात भात अजून लावले जाते, गोठ्यांत म्हशी आहेत. जेवढी जमीन उरली तेवढ्यावर पावसाचा मार उलट जास्त बसतो. शेजारी भराव झाला की नाला अरुंद होतो, पाणी निघायला वाट राहत नाही, आणि उरलेल्या चार खाचरांची तळी होतात. ही गोष्ट पुढे परत येईल.

प्रथम हिशेब पाहू. मुंबई आणि आसपासच्या भागातून मोसमी पाऊस परत जाण्याची सर्वसाधारण तारीख हवामान खात्याच्या जुन्या कोष्टकात २९ सप्टेंबर होती. २०२० साली खात्याने नव्या नोंदी धरून कोष्टक बदलले. येण्याची तारीख फक्त एका दिवसाने सरकली, १० जूनची ११ जून झाली. जाण्याची मात्र २९ सप्टेंबरची ८ ऑक्टोबर झाली. म्हणजे पाऊस नऊ दिवस उशिरा जातो. आपल्या भाषेत सांगायचे तर पूर्वी हस्त लागता लागता आभाळ मोकळे व्हायचे, आता हस्त जवळजवळ पुरा भिजतो आणि चित्रा तोंडावर येते. नक्षत्रे सूर्याची असल्यामुळे त्यांच्या तारखा हलत नाहीत. हस्त २७ सप्टेंबरच्या आसपास लागतो, चित्रा १० ऑक्टोबरच्या आसपास. पाऊस हलला आहे.

आणि हे सरासरीचे झाले. एखादे साल कसे वागेल ते सरासरी सांगत नाही. २०१९ साली मुंबईत मोसमी पाऊस २५ जूनला पोहोचला, आणि देशातून परतायला त्याने सुरुवात केली ती ९ ऑक्टोबरला. इतकी उशिराची सुरुवात खात्याच्या नोंदींत पूर्वी नव्हती. त्यावर ऐन दिवाळीत अरबी समुद्रात ‘क्यार’ नावाचे वादळ उठले. ते किनाऱ्यावर आले नाही, दूर निघून गेले, पण त्याच्या पावसाने कोकणात कापून ठेवलेली भाते शेतात कुजली. उलट २०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच हजर झाला. दोन सालांच्या आगमनात महिन्याचे अंतर!

या हिशेबाचा आपल्या वाणाशी काय संबंध ते आता बघा. हळवे भात साधारण ११५ दिवसांचे धरा, निमगरवे १३०, गरवे १४५. हे दिवस रोपवाटिकेत बी पडल्यापासून मोजायचे, लावणीपासून नव्हे. १० जूनला बी टाकले तर हळवे भात ३ ऑक्टोबरला तयार होते. म्हणजे भर हस्तात! निमगरवे १८ ऑक्टोबरला येते आणि गरवे २ नोव्हेंबरला. पूर्वी हळव्याला कुणी भीत नव्हते, कारण ते पिकायच्या वेळी पाऊस गेलेला असायचा. आज तेच हळवे भात सर्वांत आधी पावसात सापडते. मृगात पेरले, दसऱ्याला कापले, हे जुने गणित डोळे मिटून चालवले तर नुकसान ठरलेले आहे.

मग हळवे सोडून द्यावे काय? नाही. माळाच्या, वरकस, पाणी न धरणाऱ्या जमिनीत तेच हवे. ऑक्टोबरात पाऊस लवकर थांबला तर गरवे भात तिथे दाणा भरताना वाळते. पण हळव्याचे बी आठ-दहा दिवस मागे टाकता येते. २० जूनला टाकले तर ते १३ ऑक्टोबरला तयार होईल. कर्जत-३, कर्जत-७ ही सुधारित वाणे दिवस मोजून येतात, त्यामुळे असा हिशेब जमतो. आपल्या आजोबांची उंच गरवी वाणे तशी नव्हती. ती दिवस लहान होऊ लागले की निसवायची, मग बी कधीही टाकलेले असो. त्यांना कॅलेंडर लागत नसे, असे म्हटले तरी चालेल. मधल्या खाचरांत कर्जत-५ सारखे निमगरवे वाण घ्यावे. रत्नागिरी-३ किंवा कर्जत-२ सारखे गरवे फक्त खोलगट, ओल टिकणाऱ्या जागी. सगळी जमीन एकाच वाणाखाली घालू नका. तीन खाचरांत दोन वाण असले की एक पाऊस सगळेच नेत नाही, आणि कापणीला माणसेही एकाच दिवशी शोधावी लागत नाहीत.

मे महिन्यातच पाऊस आला, तर राब भाजायचा राहतो, वाफसा मिळत नाही. अशा वेळी गादीवाफा करा, म्हणजे रोप पाण्यात बसणार नाही. आणि पाऊस आला म्हणून घाईने हळवे बी टाकू नका, ते सप्टेंबरातच पिकून पावसात उभे राहील.

खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीची गोष्ट निराळी आहे. तिथे पाऊस शत्रू नाही, तो जमिनीचे मीठ धुतो. जूनचे पहिले जोरदार पाऊस मीठ खाली नेतात, मगच तिथे पीक उभे राहते. आपले लोक लावणीची वाट न पाहता मोड आलेले बी फेकतात, त्याला रहू म्हणतात, ती पद्धत या जमिनीला सोयीची आहे. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राची पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही वाणे क्षार सोसतात, तीच घ्यावीत. पावसाने मध्येच आठ-दहा दिवस दडी मारली की मीठ परत वर येते आणि पाने टोकाकडून करपतात. म्हणून खारीच्या खाचरात पाणी बांधून ठेवावे, सुकू देऊ नये.

या जमिनीचा जीव बांधात आणि उघाडीत असतो. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगवते. कर्जत, वांगणी, बदलापूर करीत कल्याणला येते आणि काळू-भातसाचे पाणी घेऊन आपल्या खाडीत उतरते. वर घाटात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की ते पाणी आपल्याकडे येणारच. २६ जुलै २००५ ला ते आपण पाहिले. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, तेव्हाही नदी हीच होती. वरून पूर आणि समोरून भरती अशी गाठ पडली की उघाडीचे दार बंद राहते आणि पाणी शेतात तुंबते. भरतीची वेळ काढायची जुनी रीत सर्वांना ठाऊक आहे. तिथीला तीनाने गुणून चाराने भागावे. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास, दुपारी आणि मध्यरात्री, अष्टमीला सहाच्या सुमारास. ही वेळ मुंबईच्या किनाऱ्याची. खाडीत आत भरती त्याहून उशिरा पोहोचते, तेवढे धरून चालावे. ओहोटीच्या चार-पाच तासांत उघाडी मोकळी वाहिली पाहिजे. दाराला अडकलेले ओंडके, प्लॅस्टिक आणि जलपर्णी पावसाळ्याआधी काढा, आणि सप्टेंबरच्या पौर्णिमा-अमावास्येला पुन्हा एकदा बघा. खेकड्यांची बिळे चिखलाने ठासून बुजवा. बांधाला खांड गेली आणि खारे पाणी शिरले, तर त्या साली पीक जातेच, जमीनही पुढची काही वर्षे मान टाकते. खारे पाणी शिरलेच तर ओहोटीला बाहेर काढा आणि पावसाचे गोडे पाणी भरून दोन-तीनदा सोडून द्या.

आता कापणी. भात फुलोऱ्यावर असते तेव्हा सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान फूल उमलते. त्या वेळी सतत पाऊस लागला तर पराग धुऊन जातात आणि लोंबीत पोचट दाणे, आपण पळिंज म्हणतो ते, वाढतात. त्याला इलाज नाही. पण पुढच्या महिन्याभरात आपल्या हातात बरेच असते. लोंबीचे शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद दाणे पिवळे झाले, खालचे चार-सहा हिरवट राहिले, की भात कापायला आले. सगळे दाणे खडखडीत वाळायची वाट पाहू नका. त्याआधी आठ-दहा दिवस खाचराचे पाणी काढा. इथेच भरावाची अडचण येते. शेजाऱ्याने नाला बुजवला असेल तर पाणी काढणार कुठे? हे भांडण ऑक्टोबरात सुटत नाही. चार शेतकऱ्यांनी मिळून मे महिन्यात अर्ज द्यावा आणि नाल्याची वाट उकरून घ्यावी.

परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, गडगडाट करीत येतो. सकाळचे दव उडाले की नऊ-दहाला विळा लावा आणि तीनच्या आत कापलेले भात खळ्यावर न्या. कोकण कृषि विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा जमिनीलगत कापतो, त्यामुळे धसकटात खोडकिडीच्या अळ्या कमी राहतात. आपली खरी चूक होते ती कडपे शेतात दोन-तीन दिवस वाळत टाकण्यात. आभाळ कोरडे असेल तेव्हा ती रीत बरोबर होती. आता जेवढे त्या दिवशी झोडता येईल तेवढेच कापा. पायाने चालवायचे मळणीयंत्र गावात एक असले आणि सावड घातली, तर दहा-पंधरा गुंठ्यांचे काम दिवसात निघावे. वीज चमकू लागली की विळा ठेवून पक्क्या छपराखाली जा, झाडाखाली नको. पुढील पाच दिवसांचा जिल्ह्याचा अंदाज हवामान खाते देते, शेतीचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. ‘मेघदूत’ आणि विजेसाठी ‘दामिनी’ ही दोन ॲप मुलांकडून मोबाइलवर घालून घ्या.

एवढे करूनही कडपे भिजलेच तर? पाण्यात पडून राहू देऊ नका. बांधावर काढा, लोंब्या वर करून पेंढ्या उभ्या टेका, दिवसातून दोनदा उलटा. ऊन पडण्याचे लक्षण नसेल तर लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम मीठ विरघळवून लोंब्यांवर फवारा, त्याने दाण्याला मोड येणे लांबते. खारीत जन्मभर मिठाशी भांडायचे आणि कापणीला तेच औषध म्हणून आणायचे, गंमतच आहे! झोडलेले ओले भात ढीग करून ठेवू नका. ढीग आतून तापतो, तांदूळ पिवळा पडतो, वास येतो. दोन बोटे जाडीचा थर पसरा, घरात पंख्याखाली पसरले तरी चालेल. दाणा दाताखाली कट्कन तुटला की कणगीत भरा.

नुकसान झाले तर पंचनामा लागतो, आणि पंचनाम्याला सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते. ई-पीक पाहणी वेळेत करून ठेवा. भिजल्या पिकाची छायाचित्रे तारखेसह घ्या आणि पीक हलवण्यापूर्वी महसूल किंवा कृषी कर्मचाऱ्याला कळवा. विम्याचे नियम हंगामागणिक बदलतात, तेव्हा भरतानाच विचारून घ्या.

थोडे गुरांविषयी. भिजलेला पेंढा नीट न वाळवता रचला की उडवीच्या पोटात बुरशी धरते. काळा, वास येणारा पेंढा म्हशीला घालू नका, गाभण जनावराला तर मुळीच नको. तो खतात टाका. ओल्या हवेत घटसर्प आणि फऱ्या येतो. त्यांची लस पावसाआधी, मे महिन्यातच टोचून घ्यावी. म्हशीला एकाएकी जबर ताप, गळ्याला सूज आणि श्वासाची घरघर दिसली की तासभरही थांबू नका, डॉक्टर बोलवा. पाणथळ खाचरांत गोगलगायी असतात आणि त्यांच्यातून यकृतातले चपटे जंत जनावरांत जातात, म्हणून पाऊस संपता संपता जंताचे औषध द्या. शेतात उंदीर फार झाले असतील आणि पायाला जखम असेल तर साचल्या पाण्यात उतरू नका. लेप्टोचा ताप माणसालाही होतो.

भात निघाल्यावर गोड्या जमिनीत वालाचे बी टाकायचे असते, आणि ते जमिनीच्या ओलीवरच येते. परतीचा पाऊस लांबला तर ओल पुष्कळ राहते, पण चिखलात वाल पेरू नका, बी कुजते. पायाला माती चिकटेनाशी झाली की पेरा. पुढे ढगाळ हवा आली की शेंड्यावर मावा दिसतो, रोज सकाळी एक फेरी मारून बघत जा.