धुराच्या गणितातील गृहीतके
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



नव्या महामार्गाच्या जनसुनावणीत एक जाडजूड अहवाल पुढे येतो. रस्त्यामुळे हवा किती बिघडेल याचे आकडे त्यात दशांशापर्यंत दिलेले असतात. ते संगणकाने काढले आहेत असे ऐकले की आपले बोलके कार्यकर्तेही गप्प बसतात. तसे गप्प बसण्याचे कारण नाही.

ताशी वाहने किती, प्रत्येक वाहन किलोमीटरमागे किती धूर सोडते आणि वारा कसा वाहतो, ही माहिती घेऊन व रस्ता म्हणजे धुराची सलग रेषा मानून हे गणित मांडतात. कॅलिफोर्नियाच्या परिवहन खात्याने १९७०च्या दशकात सिद्ध केलेले 'कॅलाइन' हे प्रतिमान याच जातीचे. वारा निम्म्यावर आला की प्रदूषण ढोबळमानाने दुप्पट होते. म्हणूनच वाऱ्याच्या नोंदी कोणत्या महिन्यांतल्या, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. पुष्कळदा त्या एकाच ऋतूतल्या असतात. उन्हाळ्यातला वारा धरून हिवाळ्यातल्या कोंदट पहाटेचा हिशेब लागत नाही.

शिवाय हे गणित मोकळ्या माळावरचे. दुतर्फा उंच इमारती असल्या की वारा रस्त्यात भोवऱ्यासारखा फिरतो आणि एका बाजूच्या पदपथावर धूर साचतो. पदपथावर दिवसभर कोण बसते, हे तुम्हांला सांगायला नको.

वाहनाचा धूरही बहुधा प्रयोगशाळेत मोजलेला. २०१५ साली फोक्सवॅगनचे बिंग फुटले. चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर आवरणारी आज्ञावली डिझेल गाड्यांतच बसवलेली होती. अमेरिकेत त्या रस्त्यावर मर्यादेच्या ४० पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड्स सोडत होत्या.

पण खरी मेख वाहनसंख्येत आहे. रस्ता रुंदावला की वाहने न खोळंबता जातील, सबब धूर घटेल, असा युक्तिवाद असतो. नवा रस्ता नवी वाहने ओढतो, हे ब्रिटनमध्ये सरकारनेच नेमलेल्या समितीने १९९४ साली मान्य केले. आपल्या अहवालांत ही वाढ धरली आहे का, ते पाहा. त्याच पैशात बसगाड्या चालवल्या तर धूर किती, हा हिशेब बहुधा कोणी मागितलेलाच नसतो. प्रतिमान विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. त्याला दोष देऊन काय उपयोग?

तेव्हा पुढच्या सुनावणीत घोषणा थोड्या कमी चालतील. ही गृहीतके लेखी मागा, बसचा हिशेब मागा आणि दोन्ही मागण्या इतिवृत्तात नोंदवून घेतल्याखेरीज सभागृह सोडू नका.