जुना संगणक आणि मुक्त प्रणाली
(धाराशिव जिल्ह्यातील कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणावरून)



विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. मर्यादित मुदतीची वाढीव सोय सोडली, तर सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झाल्या. विंडोज ११ ला ठराविक पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. म्हणजे उमरगा-भूम-परंड्याच्या घरांतील धडधाकट यंत्रही कंपनीच्या फर्मानाने निकामी ठरते. ज्या जिल्ह्यात एक पाऊस हुकला की घरातील प्रत्येक खरेदी लांबणीवर पडते, तेथे हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा उरत नाही.

पर्याय उपलब्ध आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. हजारोंच्या श्रमांतून उभी राहिलेली ही प्रणाली कोणालाही घेता, वाटता आणि सुधारता येते. सीडॅकने ‘बॉस’ ही तिची भारतीय आवृत्ती काढली. केरळने सरकारी शाळांतून ती रुजवली.

सामान्य घराला ती झेपेल काय? सातबारा पाहणे, अर्ज भरणे, पत्रलेखन, मुलांचा अभ्यास ही कामे ब्राउझर आणि लिब्रे ऑफिस यांवर निभतात. युनिकोड मराठीही उत्तम लिहिता येते. मात्र भाबडेपणा नको. टॅलीवरील हिशेब, जुन्या फाँटांतील मजकूर, काही प्रिंटर, डिजिटल स्वाक्षरीची काही साधने येथे अडतात. ज्याची रोजी त्यांवर अवलंबून आहे, त्याला बदलाचा आग्रह करणे अन्यायाचे ठरेल.

इतरांच्या बाबतीत खरा अडसर सवयीचा आहे, आणि ही सवय आभाळातून पडलेली नाही. २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांतून लाखो तरुण विंडोजवरच संगणक शिकले. शासनाने नोकरीसाठी ग्राह्य धरलेल्या शिक्षणाने एका खाजगी कंपनीला आयते गिऱ्हाईक घडवून दिले.

तेव्हा दोन कामे आपल्याकडे येतात. शासकीय मान्यतेच्या संगणक-शिक्षणात मुक्त प्रणालीला स्थान मिळावे, ही मागणी लावून धरणे, हे पहिले. दुसरे अधिक चिकाटीचे आहे. ही प्रणाली पेनड्राइव्हवरून, मूळ यंत्रणेला हात न लावता चालवून पाहता येते. प्रथम घरच्यांच्या कागदपत्रांची व छायाचित्रांची प्रत काढावी, प्रिंटर चालतो का पाहावे, आणि मगच बदल करावा. त्यानंतर महिनाभर त्या घरी जाणेयेणे ठेवावे. प्रणाली फुकट मिळते. सोबत मात्र माणसालाच द्यावी लागते.